काकडीवर घालू नये

उत्तर दिलेले पत्र आणि उत्तर न दिलेले पत्र यांत मूलभूत फरक असा, की उत्तर दिलेले पत्र हरवते. काकांच्या टेबलाच्या वरच्या खणातून आजवर स्टेपलर हरवला, डिंकाची बाटली हरवली, चष्म्याचे घर दोनदा हरवले (दुसऱ्यांदा चष्म्यासकट). उत्तर न दिलेले ते एक पत्र मात्र पाच वर्षे जागचे हलले नाही. खण उघडला की तेच आधी वर यायचे.

पत्र एका अनोळखी बाईंचे होते. निळी शाई, सरळ ओळी आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही. काकांचे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले होते, त्यामुळे त्यांनी आधी हे पाहिले आणि मजकूर नंतर वाचला. मजकूर असा होता :

"आपली बाटली मिळाली. चिरलेल्या काकडीवर घालून पाहिली. इतके चांगले व्हिनेगर मी पूर्वी कधी खाल्ले नव्हते. कृपया आणखी सहा बाटल्या पाठवाव्यात. लेबलवर मात्र 'व्हिनेगर'ऐवजी चुकून 'वाइन' असे छापले गेले आहे. पुढच्या छपाईत तेवढी दुरुस्ती व्हावी."

लेबलाची मुद्रिते काकांनीच तपासली होती. चार वेळा.

ही वाइन त्यांच्या पुतणीची. शहरातली चांगली नोकरी सोडून तिने द्राक्षांची बाग घेतली, टाक्या बसवल्या आणि निवृत्त काकांना लेबले लिहायला बोलावले. तिचे तीन निश्चय होते. बागेत विषारी फवारा मारायचा नाही, कामगारांवर अन्याय करायचा नाही आणि वाइन टिकावी म्हणून तिच्यात काही घालायचे नाही. तिन्ही निश्चय चांगले होते. म्हणूनच त्यांवर देखरेख ठेवायला परिषद लागते. परिषदेचे पूर्ण नाव 'शुद्ध, सेंद्रिय व न्याय्य मद्य प्रमाणन परिषद'. ती बाटलीच्या गळ्याला एक हिरवा शिक्का लावू देते. शिक्क्यावर एक पान, एक हात आणि एक हसरा चेहरा आहे. तो चेहरा कोणाचा, हे परिषदेच्या घटनेत स्पष्ट केलेले नाही.

न्यायाची तरतूद विशेष वाखाणण्यासारखी आहे. प्रत्येक बाटलीमागे ठरावीक रक्कम कामगार कल्याण निधीत जमा होते आणि तिचे काय करायचे हे कामगारच लोकशाही पद्धतीने ठरवतात. तोडणीच्या बायकांची पुढारी आक्का पहिल्याच सभेत उभी राहिली.

"संडासाला कडी बसवा," ती म्हणाली. "एका हातानं दार धरून बसावं लागतं."

परिषदेच्या तपासनीसांनी हे आपुलकीने लिहून घेतले. नंतर त्यांनी समजावून सांगितले, की कडी ही भौतिक वस्तू आहे आणि निधी सक्षमीकरणासाठी असतो. लोकशाही निवडीसाठी तीन पर्याय उपलब्ध होते : (अ) हक्कांविषयी जागृती कार्यशाळा, (ब) जागृतीच्या हक्काविषयी कार्यशाळा, (क) वरील दोन्ही. आक्काने विचारले, दार धरून बसलेल्या बाईने जागृत व्हायचे की नाही? हा प्रश्न पुढच्या सभेकडे पाठवण्यात आला. पर्याय (क) एकमताने मंजूर झाला (कडीला पडलेली एकोणीस मते अवैध ठरली).

कार्यशाळा तोडणीच्या हंगामातच घेतात. कारण उघड आहे. सगळे कामगार एकत्र सापडतात ते तेव्हाच. सगळ्या बायका मांडवात बसून आपले हक्क टाळ्या वाजवत म्हणत असताना तोडलेली द्राक्षे क्रेटमध्ये उन्हात बसलेली असत. द्राक्षांना हक्क नसल्याने त्या अवधीत ती आपल्या परीने जागृत होत. साली फुटत, रस गळे, चिलटे जमत. मग तोच माल टाकीत जाई. बाकीचे वाइन उद्योजक अशा वेळी परिरक्षक, म्हणजे वाइन टिकवणारे चिमूटभर सल्फाइट, टाकून डोळे मिटून घेतात. इथे ती सोय नव्हती. व्हिनेगर तयार होण्यासाठी याहून अनुकूल पद्धत विज्ञानाला अद्याप सापडलेली नाही.

पत्र आले ते पहिल्या हंगामानंतर. काका उत्तर लिहायला बसले. बाईंचे बरोबर आहे असे लिहावे तर पुतणीचे दुकान बंद. बाईंचे चुकले असे लिहावे तर बाईंचे काही चुकले नव्हते. काकांचा स्वभाव असा, की रस्त्यात कोणी वेळ विचारली तरी ते "माझं घड्याळ पुढे असेल कदाचित" असे आधी सांगायचे. त्यांनी सतरा कच्चे खर्डे केले. सतराव्यात लिहिले : "ही वाइन जिवंत आहे. तिचा आंबटपणा हा तिच्या प्रामाणिकपणाचा आवाज आहे." मग स्वतःचीच लाज वाटून ते खोडायला लागले.

पुतणी मागे उभी होती. "काका, थांबा! खोडू नका. हे कुणी लिहिलं?"

"मी... म्हणजे नक्की मीच असं नाही..."

"हे बाटलीवर छापायचं."

अशा रीतीने एका बाईंना जायचे उत्तर त्यांना सोडून सगळ्यांना गेले.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. मागणी वाढली. जेवणाच्या टेबलाभोवती लोक पहिला घोट घेत, त्यांचे डोळे आपोआप मिटत, आणि डोळे मिटले की माणूस काहीतरी खोल विचार करतो आहे असे शेजाऱ्याला वाटते; मग शेजारीही मिटे. परिषदेने केलेल्या पाहणीत चौऱ्याण्णव टक्के ग्राहक समाधानी आढळले. उरलेल्या सहा टक्क्यांनी, आपण समाधानी आहोत की नाही हे लेबलवर छापावे, अशी सूचना केली.

लेबल मात्र वाढत गेले. आधी त्यावर 'परिरक्षक नाही' एवढेच होते. मग शेजारच्या बागवाल्याने 'परिरक्षक नाही, कृत्रिम रंग नाही' असे छापले आणि चढाओढ लागली. साखर नाही, शोषण नाही, शिसे नाही, मासे नाहीत, प्लास्टिक नाही, पूर्वग्रह नाही. चौथ्या हंगामात शेजाऱ्याने 'खिळे नाहीत' असे छापताच आपल्या बाटलीत खिळे असल्याचा समज होऊ नये म्हणून काकांनाही खिळे घालावे लागले (यादीत). पाचव्या हंगामात लेबल बाटलीवर मावेना, म्हणून घडीची पुस्तिका करून ती दोऱ्याने गळ्यात बांधू लागले. बाटलीत काय नाही याचा इतका परिपूर्ण कोश दुसरा नसेल. काकांनी तो तळमळीने तपासला. बाटलीत काय आहे ते पुस्तिकेत कुठेच नव्हते. कोणी विचारलेही नाही.

आणि सहाव्या हंगामात घोटाळा झाला. वाइन चांगली निघाली.

दोष कोणा एकाला देता येणार नाही. कार्यशाळेच्या प्रशिक्षकांचा घसा बसला आणि कार्यशाळा रद्द झाली. रिकामा झालेला आठवडा आक्काच्या बायकांनी कामात घालवला. नासका मणी दिसला की फेकला, क्रेट गरम पाण्याने धुतले, सकाळी तोडलेला माल दुपारच्या आत थंड खोलीत नेला. पुतणीने टाक्या स्वतः आत उतरून घासल्या. काही महिन्यांनी तिने नळीतून पेल्यात थोडी वाइन घेतली, चव घेतली आणि पेला काकांपुढे धरला.

काका सवयीने डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत.

"काका?"

"मला यातलं कळत नाही गं. पण मला वाटतं, म्हणजे चूक असेल माझी, पण ही... चांगली आहे."

पुतणी टाकीला टेकून खाली बसली आणि हसत हसत रडली. नोकरी सोडली त्या दिवसापासून ती हीच चव शोधत होती.

पहिल्या बाटल्या बाजारात गेल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. 'आवाज कमी झाला आहे.' 'पूर्वीचा प्रामाणिकपणा राहिला नाही.' एका गृहस्थाने लिहिले, की त्यांच्याकडचे पाहुणे चक्क डोळे उघडे ठेवून प्याले आणि दुसरा पेला मागितला. सबब बाटलीत परिरक्षक असल्याची त्यांची खात्री आहे.

तपासनीस आले. हे साहेब अतिशय सभ्य. खुर्चीवर बसण्याआधी ते खुर्ची सेंद्रिय लाकडाची आहे का ते विचारत. त्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल टेबलावर ठेवला.

"अहवाल स्वच्छ आहे, ताई. काहीही सापडलं नाही. तीच तर अडचण आहे."

"अडचण कशी? नाही म्हणजे नाही."

"प्रयोगशाळा जे आहे ते शोधते. नसणं कसं शोधणार? त्यासाठी परिषदेची स्वतंत्र चाचणी असते. बाटली पंधरा दिवस उबदार खोलीत ठेवायची. बिघडली, तर परिरक्षक नव्हतं हे सिद्ध. तुमची बिघडली नाही."

"कारण आम्ही टाक्या घासल्या!"

"घासल्या असतील. पण शुचितेला शिक्का नसतो, शिक्का शुद्धतेला असतो." साहेबांनी आवाज मऊ केला. "मार्ग आहे. टाकीचं झाकण काही दिवस उघडं ठेवा. हवेशी संवाद होऊ द्या. याला आम्ही नैसर्गिकतेचं पुनर्वसन म्हणतो. एकदा का जुनी चव आली की शिक्का कायम. आणि काका, तुम्ही एक छोटंसं निवेदन लिहून द्या, झाकण स्वखुशीनं उघडलं असं. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही हो. ते प्रामाणिकपणाच्या आवाजाचं वाक्य आमच्या नियमावलीत घेतलंय आम्ही. कलम नऊ."

काकांची पाचावर धारण बसली. आपले एक वाक्य कलम झाले आहे, ही बातमी त्यांना आत्ताच कळत होती.

दाराशी उभी असलेली आक्का म्हणाली, "साहेब, एवढी बिघडवायचीच असेल तर कार्यशाळा घ्या की एक."

साहेबांनी हे आपुलकीने लिहून घेतले आणि परवा येतो म्हणून गेले.

संध्याकाळपर्यंत पुतणी टाकीच्या शिडीवर बसून होती, हात झाकणाच्या चाकावर. शिक्का गेला तर दुकानदार बाटल्या परत पाठवणार. शिक्का ठेवायचा तर या हाताने घडवलेली चव याच हाताने मारायची. काका खाली टेबलाशी कागद घेऊन बसले होते. 'आम्ही स्वखुशीने' एवढे त्यांनी लिहिले. 'स्वखुशीने' या शब्दात ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती, तरी तो शब्द त्यांना कुठूनही बरोबर वाटेना. अडले की ते खण उघडत. खण उघडला. पत्र वर आले.

त्यांनी ते नेऊन शिडीवर दिले. "तुला कधी दाखवलं नाही. वाच. म्हणजे वेळ असेल तर."

पुतणीने वाचले. काकडीपाशी ती थांबली, दुरुस्तीपाशी तिला हसू फुटले, आणि हसता हसता तिने वरची तारीख पाहिली.

"पाच वर्षं, काका? तुम्ही हे पाच वर्षं खणात ठेवलंत?"

"मला वाटलं, त्यांचं चुकलं असेल. मग वाटलं, माझं चुकलं असेल. मग बाटल्या इतक्या खपायला लागल्या, की..."

"की?"

"की एकट्या बाईचं कसं बरोबर असेल, असं वाटायला लागलं."

पुतणीने चाक घट्ट फिरवले. झाकण उघडायच्या नाही, बंद व्हायच्या दिशेने. मग ती खाली उतरली, काकांच्या पुढ्यातल्या 'आम्ही स्वखुशीने'च्या कागदाने तिने हातावरचा वंगणाचा डाग पुसला आणि ती म्हणाली, "नवं लेबल लिहा."

शिक्का गेला. त्याबरोबर कल्याण निधीही परिषदेकडे परत गेला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोणाच्या मंजुरीविना संडासाला कडी बसवता आली. आक्काने ती तीनदा लावून पाहिली आणि सक्षमीकरण झाल्याचे जाहीर केले.

नवे लेबल लिहायला काकांना सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ते एका ओळीचे होते : 'द्राक्षांचा रस, आंबवलेला.' दुकानदारांचा अभिप्राय असा, की गिऱ्हाईक बाटली उचलते, मागे वळवते, तिच्यात काय नाही हे शोधते, आणि काहीच सापडत नाही म्हणून घाबरून खाली ठेवते. शेजारच्या बागवाल्याच्या बाटल्या मात्र जोरात खपतात. परिषदेने त्याला एक जादा कार्यशाळा मंजूर केली आहे.

जुन्या हंगामाच्या शिल्लक बाटल्यांतून काकांनी सहा काढल्या. 'वाइन' या शब्दावर नवी पट्टी चिकटवून त्यावर 'व्हिनेगर' असे लिहिले. मग पत्र लिहिले. या वेळी एकाच खर्ड्यात :

"आपले पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. आपण दाखवलेली चूक बरोबर आहे. दुरुस्ती केली आहे. मागणीप्रमाणे सहा बाटल्या पाठवत आहोत. सोबत सातवी आहे. ती काकडीवर घालू नये."

बाटल्यांचे खोके पार्सलने रवाना करून आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकून त्यांनी हात आत घालून पाहिला, नीट पडले ना म्हणून. परत येऊन खण उघडला. खणात आता एकही पत्र नव्हते. पाच हंगामांत हजारो घरांत ती बाटली उघडली गेली, आणि हे बिघडले आहे असे कळवणारे पत्र आले ते एवढे एकच. तुमचे आले नाही. तुम्ही त्या वेळी पाहुण्यांसमोर पेला हातात धरून, डोळे मिटून बसला होतात.