साहेबांच्या मेहुण्याचा नमुना

उष्णता मोजणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ! कुठलीही अनोळखी वस्तू आणा, तिच्यातून उष्णता किती पलीकडे जाते, ते मी चहा निवायच्या आत सांगतो! असं मी साहेबांना ऐकवलं, कारण माझी नोकरी कायम करायच्या अर्जावर त्यांची सही व्हायची होती.

"मग माझ्या मेहुण्याचा नमुना तपासा," साहेब खुर्चीत चुळबुळत म्हणाले. "छताखाली लावायला काहीतरी शोधून काढलंय त्यानं. वरचं ऊन खाली येतच नाही म्हणे. आज सकाळी पाठवणार होता. आणि हो, तसंच निघालं पाहिजे!"

प्रयोगशाळेतल्या स्टुलावर एक काळा रबरी चौकोन पडला होता. म्हटलं, आला वाटतं! खाली तापलेली तबकडी, वर गार तबकडी, मध्ये चौकोन. आणि आकडे जे नाचायला लागले! चौकोन पडला मऊ, तबकडीला धड टेकेचना. तरी बहुतेक आकड्यांचं म्हणणं एकच, की उष्णता खुशाल पलीकडे जातेय.

"हे आकडे चूक आहेत," साहेब म्हणाले.

"कशावरून?"

"मेहुणा माझा आहे!"

एवढा पुरावा असल्यावर मी कोण बोलणार? मेहुण्याविरुद्ध बोलणारा आकडा दिसला की काट! शेवटी एकच उरला. एकटाच असल्यामुळे त्याचं कुणाशी भांडण नव्हतं. मी अहवालात ठोकून दिलं, 'या पदार्थातून उष्णता अजिबात पलीकडे जात नाही.' साहेब खूश! त्यांनी संस्थेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंना प्रयोगशाळेत बोलावून अहवाल वाचून दाखवला, आणि माझा अर्ज पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात मेहुणा धापा टाकत आला. "भाऊजी, उशीर झाला! हा घ्या नमुना!"

"मग यंत्रात काय आहे?" बाईंनी विचारलं.

मी हातमोजे घालून चौकोन बाहेर काढला.

"माझी बसायची उशी!" साहेब ओरडले. "सकाळपासून शोधतोय!"

"काल मला झापायला तुम्ही या स्टुलावर बसला होतात, साहेब. तेव्हा राहिली असेल."

बाई शांतपणे म्हणाल्या, "पण अहवाल बरोबर आहे ना? की तोही असाच?"

"म्हणजे काय! शंभर टक्के!" साहेब ताठ झाले. मी उशी स्टुलावर ठेवली. साहेब ऐटीत बसले.

आणि उठले! त्या दिवसातलं बिनगोंधळाचं मोजमाप तेवढं एकच. ते अहवालात घालू का, असं मी नम्रपणे विचारलंसुद्धा.

सही अजून व्हायची आहे.