मंजूर नमुन्याचं नाक

"नाक चपटं करा," साहेब म्हणाले, "तरच उद्या उद्घाटन होईल."

शिल्पकाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नगरपालिकेच्या नव्या इमारतीच्या दारात त्यानं झाडूवाल्या बाईचा सहा फुटी पुतळा उभा केला होता, आणि ती बाई दुसरीतिसरी कोणी नव्हती, त्याची आई होती! तीस वर्षं तिनं नगरपालिकेचे जिने झाडले, पण एकानं तिच्या तोंडाकडे पाहिलं असेल तर शपथ. आता येताजाता प्रत्येकाला पाहावंच लागणार होतं. हुबेहूब, नाकासकट.

"अहो, आईचं नाक असंच आहे! ती बघा, बाकावर बसलीय."

"असेल. मंजूर नमुन्यात नाही."

साहेबांनी कपाटातून मातीचा वीतभर नमुना काढला. ओला असतानाच कुणा शहाण्यानं तो आडवा घालून वर फायली रचल्या होत्या. नाक पार गालात गेलं होतं.

"हे तुमच्या फायलींनी केलंय!"

"कशानं का होईना. समितीची सही त्यानंतरची आहे."

"आणि उंदरानं कान कुरतडला असता तर?"

"तर कान कमी केला असता," साहेब थंडपणे म्हणाले.

शिल्पकारानं नमुना हिसकावून टेबलावर आपटला. मुंडकं तुटून साहेबांच्या पायाशी गडगडलं.

"अरेरे!" साहेबांना मनापासून वाईट वाटलं. "आता डोकंच उतरवावं लागणार हो!"

आई बाकावरून उठली. तिनं उरलेलं धड उचललं आणि फरशीवर सोडून दिलं. चक्काचूर! कोपऱ्यातला झाडू घेऊन तिनं सगळा चुरा सुपलीत भरला आणि टोपलीत ओतला.

"लिहा, नमुना गहाळ," ती म्हणाली. "नमुना गहाळ झाला की उभं असेल ते मंजूर. तुमच्या केराच्या टोपल्या ओतताना सगळे कागद वाचलेत मी."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. नियम खरंच होता. त्यांनी लगेच लिहिलं, सही ठोकली, शिक्का मारला.

शिल्पकार मात्र आईच्या हाताकडे बघत राहिला. झाडू डाव्या हातात होता. पुतळ्याच्या उजव्या.

"आई... तू डावखुरी आहेस?"

"जन्मापासून," आई हळूच म्हणाली. "बोलू नकोस आता. मंजूर झालंय."