कोंड्याचा चौथा रकाना

मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी दुर्गाच्या चाळणीतल्या कोंड्याने गाईच्या घमेल्यात जायला नकार दिला. आपण अन्न आहोत की नाही, हे लेखी ठरेपर्यंत चाळणी सोडणार नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं.

दुर्गाला आधीच घोर होता. तिची तीन वर्षांची मनू चार दिवस परसाकडे गेली नव्हती, पोट दगड झालं होतं. लेकराला जड पडू नये म्हणून दुर्गा गव्हाचं पीठ दोनदा चाळायची, वर जुन्या ओढणीतून गाळायची. आता चाळणीच अडली. शेजारणीची मागावी, तर तिकडच्या कोंड्याने पाठिंबा दिलेला.

लेखी ठरवायला अंगणवाडीच्या कुसुमताई आहाराची वही घेऊन आल्या. वहीत तीनच रकाने: ताकद देणारं, वाढ करणारं, रोगापासून राखणारं. कोंडा तर पचतच नाही, त्याला बसवायचा कुठे? चौथी रेघ मारायला वरून परवानगी नाही, असं ताई म्हणाल्या. तेव्हा मजकूर कोंड्यानेच सांगितला.

"लिहा. जे झाडापानातून येतं, माणूस खातो, पोटात पचत नाही, तरी कामाला येतं, ते."

"न पचणारा माझा धाकटा दीरही आहे," दुर्गाची सासू म्हणाली. "त्यालाही घ्या वहीत."

"कामाला येतात का?" कोंड्याने विचारलं.

"कसले येतायत."

"मग ते बसत नाहीत."

कामाला येतो याचा पुरावा लागेल, असं ताईंनी सांगितलं. सगळ्यांनी मनूकडे पाहिलं. दुर्गाने तिला चटकन कडेवर घेतलं. गाईचं खाणं लेकराला घातलं म्हणून गावभर बोभाटा होणार. न घालावं, तर उद्या पाचवा दिवस.

"तिला टोचशील का रे?" तिने हळूच विचारलं.

"पाणी भरपूर दिलंत तर नाही. तेही लिहा. पाण्याशिवाय मी कामावर येत नाही."

चाचणीपुरता तो पिठात उतरला. दुर्गाने तांबूस पोळ्या लाटल्या, घासाघासाला पाणी पाजलं, आणि दोन दिवस स्वतः काही खाल्लं नाही.

गुरुवारी सकाळी मनूने परसातून हाक मारली, "आई, झाली."

दुर्गा धावली, बघितलं, आणि तिथेच खाली बसून पदराने डोळे पुसायला लागली. ताईंनीही वाकून बघितलं, वेळ टिपली, चौथी रेघ मारली. शेरा लिहिला: परवानगी मागाहून.

कोंडा आता पिठातच राहतो. गाईची हरकत आली आहे, तिची सुनावणी शुक्रवारी आहे. तोवर कुणी कोंडा टाकू नये, आणि पुढच्या घरी एवढा निरोप द्यावा. पाण्याचंही सांगावं, ते लोक विसरतात.