बारा वर्षांचं वीतभर झाड

आमचे शेजारी सुभेदार तात्या रोज सकाळी अंगणातल्या झाडाला "दाहिने मुड!" असा हुकूम सोडतात. झाड ऐकत नाही, मग स्वतःच त्याची उथळ कुंडी जरा वळवून ठेवतात. सगळ्या अंगाला सारखं ऊन लागलं पाहिजे ना!

झाड ओकचं. फौजेतून निवृत्त होताना तात्यांनी कुमाऊंच्या डोंगरातून ट्रंकेत बिया आणल्या. सात पेरल्या, एक उगवली. ते रोप बारा वर्षं तारेनं बांधून, कात्रीनं छाटून त्यांनी वीतभर ठेवलंय. इस्लामपुरात, जिथं नुसता ऊस वाढवायची शर्यत, तिथं हा माणूस झाड वाढू नये म्हणून राबतो! मला तर त्यांचं भारी कौतुक वाटतं.

"तुला आमची पहाडातली झाडं दाखवतो," असा शब्द त्यांनी नोकरीत असताना काकींना दिला होता. तो राहून गेला. पाच वर्षांपूर्वी काकींचं उजवं अंग लुळं पडलं आणि त्या आतल्या कॉटवर खिळल्या. अंगणातलं हे झाड त्यांनी पाहिलं होतं ते नुसती काडी असताना.

"आता दाखवा की," मी म्हणायचो.

"रिक्रूट हाय अजून, मास्तर. तयार झाल्याबिगर न्हाई."

यंदा तात्या पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेले आणि त्यांच्या धाकट्या भावाला, बापूला, झाडाची दया आली. त्यानं कुंडीत मूठभर युरिया टाकला. चार दिवसांत पानं करपली.

"आवं दादा, आमचा ऊस वर्षात डोक्याच्या वर जातोय. ह्ये बारा वर्षांत गुडघ्याला लागंना! मला वाटलं, उपाशी हाय."

तात्यांनी बापूला अंगणबंदी फर्मावली. मुळं धुतली, वाळू आणि विटांचा चुरा घालून झाड पुन्हा लावलं, ओल्या गोणपाटाच्या सावलीत ठेवलं. हुकूम बंद झाले. मलाही चहा गोड लागेना. बापू रोज कुंपणाबाहेरून विचारायचा, "फुटलं का वं?"

महिन्यानं एका फांदीवर दोन गुलाबी कोंब आले. तात्यांनी कुंडी उचलली आणि थेट घरात निघाले.

"तात्या, अजून तयार कुठं झालंय?"

"वाट बघत बसलो तर मास्तर, एक दिवस ह्ये तरी नसंल, न्हाईतर..."

कॉटशेजारच्या स्टुलावर झाड ठेवलं. काकींनी डाव्या हातानं कोंब चाचपला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आन् तिकडं पहाडात तुमी कुठं बसायचा?"

तात्यांनी काडेपेटीतली एक काडी बुंध्याला टेकवून उभी केली. "हितं. पाठ टेकून. तुजं पत्र आलं की हितंच वाचायचो."

"काय असायचं त्यात? म्हस व्याली, पाऊस न्हाई."

"व्हय," तात्या म्हणाले. "लय येळा वाचायचो."