सोबतचा रकाना

कलशेट्टी सरांना पाणी प्यायला जायचं असलं की ते हात वर करतात. चौथीच्या वर्गात, फळ्यापुढं उभं राहून, पंचावन्न वर्षांचा माणूस उजवा हात कानाला लावून सरळ वर धरतो आणि बाकावरून कुणीतरी "जावा सर" म्हणेपर्यंत थांबतो. पोरं गणितात गुंतलेली असली तर तसाच उभा राहतो.

मी शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी हे खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं, सरांना कुणी शिक्षा केलीय. मी धावत मुख्याध्यापिकांकडं गेले. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. हजेरीपटातून मान वर न काढता त्या म्हणाल्या, "परवानगी मिळाली की घेतील खाली." तेव्हा जी मी गोंधळले, ती आज तीन वर्षांनीही धड सावरलेली नाही.

सर मूळचे दुधनीचे. मराठी बोलतानाही त्यांची जीभ अधूनमधून कानडीकडं वळते. त्यांचं एक वाक्य शाळेच्या भिंतींनाही पाठ झालं असेल: "सभेला विचारू की!" सहलीला कुठं जायचं? सभेला विचारू की. खो-खो आधी की कवायत? सभेला विचारू की. एकदा मी सहज विचारलं, "सर, आज उकडतंय ना?" तर ते एवढा वेळ विचारात पडले की मला भीती वाटली, आता यावरही हात मोजतात की काय.

ही सभा म्हणजे शनिवारच्या सकाळच्या शाळेत पटांगणात बसणारी पोरांची सभा. चौथीतली अल्फिया तिची अध्यक्ष. जे ठरतं ते सर एका वहीत लिहून ठेवतात. वहीवर नाव घातलंय 'ठरलेलं'. पहिला नियम असा, की ज्याला प्रश्न विचारला त्यानं खरं उत्तर द्यायचं, नाहीतर 'सांगायचं नाही' म्हणायचं, दोन्ही चालतं. दुसरा, बाईंनी डोळे वटारायच्या आधी कारण सांगावं. हा दुसरा माझ्यामुळं झाला असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मी मान्य करत नाही.

एकदा शिक्षण खात्यातले एक साहेब शाळा बघायला आले. चौथीत शिरले तर फळ्यापुढं दोन मुली, आणि सर शेवटच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले.

"वर्गशिक्षक कोण?" साहेबांनी विचारलं.

"मीच की."

"मग तिथं काय करताय?"

"ऐकालोय."

साहेबांनी ते उत्तर कसंबसं गिळलं आणि म्हणाले, चला, मुलांबरोबर एक फोटो घेऊ. सर उठले. मी मनातल्या मनात हात जोडले, पण व्हायचं ते झालंच. "सभेला विचारू की!" पोरांनी हात वर केले आणि फोटो नामंजूर झाला. एकीचा गणवेश उसवलेला होता, तिला फोटोत यायचं नव्हतं. आणि तिला बाजूला बसवून फोटो काढायचा नाही, हेही ठरलं. साहेब चहा पिऊन गेले. जाताना मला हळूच विचारलं, "इथं नक्की कोण कुणाला शिकवतं?" 'सांगायचं नाही' म्हणण्याचा हक्क मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. सांगायला बरं वाटत नाही. माझ्या दुसरीतल्या तेजूला ताप भरला. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, म्हणून मी दप्तर भरून देऊन तिला धाडून दिलं. घराला कुलूप होतं. आई वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेलेली. शेजारीण दुपारी बाहेर येईपर्यंत पोरगी तापात पायरीवर बसून होती.

शनिवारी सभेनं मला बोलावलं. डी.एड. होऊन बावीस वर्षं झालेली मी, चौथीच्या पोरांपुढं उभी! अल्फिया म्हणाली, "बाई, आधी तुमाला बोलायचा हक्क हाय." मी आधी चिडले, मग घर जवळ होतं म्हणाले, मग काय म्हणाले ते आठवत नाही, आणि शेवटी तेजूकडं बघून "चुकलं माझं" म्हणाले. त्या दिवशी वहीत नियम चढला: आजारी माणसाला एकटं घरी धाडायचं नाही, रजेच्या अर्जावर सोबतच्या मोठ्या माणसाचं नाव लिहायचं. सरांनी अर्जावर पट्टीनं एक रकाना आखला. 'सोबत'. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू तिथं शिकवायला जातेस की शिकायला?" मी रात्रीची भाजी खारट केली.

यंदा दिवाळीनंतर सरांचं काहीतरी बिनसलं. फळ्यावरच्या ओळी उतरणीला लागल्या. मला लांबून "नमस्कार मोठ्या बाई" म्हणाले. एकदा खुंटीवर टांगलेल्या रेनकोटची बराच वेळ विचारपूस करत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सात रस्ता चौकाजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यानं मोठ्या मुश्किलीनं सोमवारची तारीख दिली होती, आणि सोबत कुणीतरी आणा, नाहीतर ऑपरेशन करणार नाही, असंही सांगितलं होतं. हे शेवटचं सरांनी आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी रजा मंजूर केली. पण सर रजेचा अर्ज पोरांनाही देतात. शनिवारी अल्फियानं तो मोठ्यानं वाचला. नाव, कारण, दिवस, वर्ग कोण सांभाळणार. मग ती थांबली.

"सर, सोबतचा रकाना मोकळा हाय."

"ऱ्हाऊ दे बाळ, तितं काय लिहायचं न्हाय."

"मग अर्ज मंजूर न्हाय."

मला हसू आलं. मग सरांकडं पाहिलं आणि हसू कुठं ठेवावं कळेना. ते घाम पुसत होते.

"तुमच्या घरी कोण असतंय सर?" अल्फियानं विचारलं.

'सांगायचं नाही' एवढंच म्हणायचं होतं. तो नियम त्यांनीच लिहिलेला. मी मनात म्हणत होते, म्हणा सर, म्हणून टाका. सर वहीकडं बघत राहिले. ती त्यांना दिसत तरी होती का, कोण जाणे.

"कोन न्हाय," ते म्हणाले. "बायको गेली, नऊ वर्षं झाली. भाऊ दुधनीला हाय, त्याच्याशी बोलणं न्हाय." मग घाईघाईनं, "अय्यो, त्यात काय एवढं? ऑपरेशन पुढच्या वर्षी करू की!"

तीन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून डबा खाल्ला. त्यांच्या डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची, मी रोज चेष्टा करायची, "वहिनींना दुसरं काही येत नाही का?" ते नुसते हसायचे. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात दुसरीच्या रांगेतून तेजू उभी राहिली. "पुढच्या वर्षी नको," ती म्हणाली. "सरांना दिसत न्हाय. एकटं बसल्यावर भ्या वाटतंय."

अल्फियानं विचारलं, "सरांबरोबर कोण जाणार?" सगळ्या पटांगणानं हात वर केले. पहिलीतल्यांनी दोन-दोन. "लहान माणसं चालत न्हाईत," तिनं जाहीर केलं, आणि सगळी पोरं वळून भिंतीपाशी उभ्या असलेल्या आम्हा मोठ्यांकडं बघायला लागली.

मी हात वर केला. मग वाटलं, यांना वाटेल हिला पाणी प्यायला जायचंय. म्हणून तोंडानंही म्हणाले, "मी जाते."

ठराव झाला. अल्फियानं रकान्यात माझं नाव लिहिलं आणि अर्ज माझ्या हातात देताना बजावलं, "बाई, सरांना पायरीवर बसवून येऊ नका."

सोमवारी जुळे सोलापुरातल्या माझ्या घरून निघाले, स्कूटी शाळेत लावली, रिक्षानं सरांना दवाखान्यात नेलं. फॉर्मवर रुग्णाशी नातं विचारलं होतं. मी पेन धरून बसले. बहीण लिहावं तर खोटं, सहकारी लिहावं तर सिस्टर म्हणाली, "नातं लिहा, नोकरी नाही." सरांनी सवयीनं हात वर केला. सिस्टर बघतच राहिली. "बोला की आजोबा." सर म्हणाले, "ह्या सोबत आल्यात. तेच लिहा." मी तेच लिहिलं.

दुपारी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सरांना घेऊन त्यांच्या घरी गेले. दाराला कुलूप. सर किल्लीसाठी खिसे चाचपत होते. मी पायरीकडं पाहिलं नाही. आत गेलो. मांडणीवर एक ताट, एक वाटी, आणि फुलांच्या नक्षीचे दोन कप, त्यातला एक पालथा. मी त्यांना कॉटवर बसवलं, मऊ भात टाकला, थेंब कधी घालायचे ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं आणि चहा केला. पालथा कप सुलटा करावा की नाही, याच गोंधळात माझा चहा मी भांड्यातूनच प्याले.

मग पर्स उचलली. "येते सर. संध्याकाळी चक्कर टाकते."

त्यांनी मान हलवली. मी दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि सहज मागं वळून पाहिलं. सर कॉटवर ताठ बसले होते. उजवा हात कानाला लावून सरळ वर. किती वेळ वर होता कोण जाणे. मी त्यांना दिसतही नसेन.

"काय सर? पाणी हवंय?"

"पाणी न्हाय," सर म्हणाले. हात खाली आला नव्हता. "अजून थोडं बसता का?"

"बसते की," मी म्हणाले, आणि चपला काढल्या.