करडीची ओळखपरेड

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर, फेब्रुवारीची अठरा तारीख, सोमवार, सकाळचे साडेअकरा. स्थळ : सोलापूर, वाहन तपासणीचे मैदान. या दिवशी, या वेळी आणि या स्थळी भुसार मालाचे व्यापारी चन्नवीर आपल्या नव्या मोटारीपाशी उभे होते. मोटार नवी होती ती केवळ त्यांना. एरवी ती एकावन्न सालची, तेवीस वर्षे वैरागच्या रस्त्यांची धूळ खाल्लेली, आणि रंगामुळे घरात 'करडी' या नावाने ओळखली जाणारी. इसार देऊन आठ दिवसांपूर्वी ती घरी आली होती. आज तपासणी, मग जुन्या मालकाची सही, आणि मग ती कागदोपत्रीही चन्नवीरांची.

इन्स्पेक्टर मायाप्पा बॉनेटखाली वाकले होते. खात्याची रीत अशी, की चासीवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. आकडे कागदावर आपसूक उमटतात. मायाप्पांनी पेन्सिल घासली. कागद काळा झाला. आकडा एकही उमटला नाही.

"शेटजी, नंबर कुटंय?"

"तिथेच आहे. मी स्वतः वाचून वहीत उतरून घेतला आहे. चौथा आकडा पुसट आहे, पण तो तीनच, आठ नव्हे. भिंगाने पाहिला."

"हितं तीनबी न्हाय आन् आठबी न्हाय," मायाप्पा सरळ उभे राहत म्हणाले. "कुणीतरी कानस मारलीय. आता ही चोरीची न्हाय, हे तुमी सिद्ध करायचं. पाचच्या आत जमलं न्हाय तर गाडी हितं ऱ्हाईल आन् तुमी चौकीत."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात तराजूचा काटा स्थिर होण्यापूर्वी माल उचलला नव्हता, त्याच्यावर हा चोरीचा आळ! तेवढ्यात मागच्या सीटवर सकाळपासून मांडी घालून बसलेले त्यांचे वडील, वळसंगचे तिप्पण्णा, यांनी खिडकीतून फेटा बाहेर काढला.

"कुणीतरी कशाला? म्याच मारली की."

"आप्पा, तुम्ही सुम्म, अगदी गप्प बसा."

"का? चोरी केली व्हय?" तिप्पण्णा इन्स्पेक्टरांकडे वळले. "सायेब, बैल घरी आणला की शिंगं साळायची. पयल्या मालकानं शिंगावर अक्षरं डागलेली असत्यात, ती आदी काढायची. हिच्या पोटाशी तशीच अक्षरं दिसली. पोरगं भिंगानं वाचत बसलं हुतं. म्या म्हनलं, वाचतोस काय, साळून टाकाय पायजे."

मायाप्पा सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातले. हसू त्यांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथूनच परतले.

"बाबा, आमच्यात मेंढराच्या कानाला खूण असती. दुसऱ्याच्या मेंढराची खूण जो काढतो, त्याला काय म्हनत्यात, ठावं हाय न्हवं?"

तिप्पण्णांना ते ठाऊक होते. त्यांनी फेटा आत घेतला.

चन्नवीर मात्र सहजासहजी माघार घेणारे नव्हते. त्यांनी मायाप्पांना इंजिनाचा नंबर दाखवला. तो नोंदणी-पुस्तकाशी तंतोतंत जुळला.

"काळीज जुळलं," मायाप्पा म्हणाले, "पण धड कुणाचं? चोरीच्या गाडीत दुसरं इंजिन बसवायला एक दुपार लई झाली. जुना मालक कुटंय?"

जुने मालक चनमल्लप्पा सही करण्यासाठी सकाळच्या एसटीने वैरागहून आलेच होते आणि फाटकाजवळच्या टपरीवर बशीने चहा पीत होते. गाडीजवळ येण्यास त्यांना मनाई करून मायाप्पांनी टपरीवरच त्यांचा जबाब लिहून घेतला.

"माज्या गाडीच्या खुना? लिवा. मागचं डावं दार लाथ घातल्याबिगर उगडत न्हाय. हॉर्न फकस्त उजवीकडं वळताना वाजतो. हुबी केली की बुडाखाली भाकरीएवडं तेल सांडतंय. आन् चौगांनी ढकलल्याबिगर चालू हुईत न्हाय. ह्यातली एकबी खूण घावली न्हाय, तर ती माजी न्हवं."

यातली एकही खूण आता सापडणार नाही, हे शेजारी उभ्या असलेल्या चन्नवीरांना कळून चुकले. कारण गाडी घरी आणली त्याच दिवशी त्यांनी मोटारीच्या निगेवरचे एक पुस्तक विकत घेतले होते, आणि रोज पहाटे स्नानापूर्वी त्यातील एकेक प्रकरण करडीवर अमलात आणले होते. बिजागऱ्यांना तेल दिले. हॉर्नची तुटकी तार जोडली. तेलाच्या बोल्टाखाली नवा वायसर घातला. स्पार्क प्लग खरवडून त्यांच्यातील फट पट्टीने मोजली. हे सारे स्वहस्ते केले. मेकॅनिक पुस्तक वाचत नाहीत, म्हणून कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. त्यामुळे साक्षीदार एकच, आणि तो कानसवाला.

मायाप्पांनी डाव्या दाराला एक बोट लावले. दार निमूट उघडले.

"बगा, लोन्यागत," आतून तिप्पण्णा म्हणाले.

चन्नवीरांनी दार पुन्हा लावताना ते मुद्दाम तिरके दाबले. ते तरीही उघडले. हॉर्न सरळ उभ्या गाडीत खणखणीत वाजला. मग इंजिनाखाली वर्तमानपत्र अंथरण्यात आले आणि पंधरा मिनिटे वाट पाहण्याचे ठरले. आठ दिवस जो थेंब थांबवण्यासाठी चन्नवीर पाठीवर झोपून झगडले होते, त्याच एका थेंबासाठी आता ते उन्हात उकिडवे बसून सिद्धरामेश्वराची करुणा भाकीत होते. कागद कोरडा राहिला. किल्ली फिरवताच इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले. तिप्पण्णांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. चन्नवीरांना त्याकडे पाहवेना.

"साहेब, दुरुस्ती हा अपराध नव्हे," ते म्हणाले. "रोगी बरा झाला, म्हणून तो दुसराच कुणी ठरत नाही."

"खरं हाय. पन मी लिवू काय? नंबर घासलेला. मालकानं सांगितलेल्या चार खुनांपैकी एकबी न्हाय. माज्या जागी तुमी असता तर काय लिवलं असतं?"

चन्नवीरांनी अक्षरशः हेच लिहिले असते, आणि खाली रेघ ओढली असती.

मायाप्पांनी टोपण काढलेले पेन क्षणभर तसेच धरले. मग, माणूस सज्जन दिसतो एवढ्यासाठी, त्यांनी चनमल्लप्पांना हाक मारली. "बसा आत. मैदानाला एक फेरी मारा आन् देवाला स्मरून सांगा, तुमची हाय का न्हाय."

चनमल्लप्पांनी एकाऐवजी तीन फेऱ्या मारल्या. गाडी परत येऊन थांबली, तरी ते उतरेनात. चन्नवीरांचा हात नकळत बॉनेटवर गेला.

"माजीच हाय," चनमल्लप्पा म्हणाले.

"कशावरनं?"

"बैठकीवरनं. बसल्याबरुबर जाग्यावर गेलो. हा खड्डा तेवीस वर्सं माज्याच बुडानं पाडलाय, दुसऱ्या कुनाला बसायचा न्हाय."

मायाप्पांनी त्यांना उतरवून स्वतः बसून पाहिले. ते एका अंगाला कलंडले. चन्नवीरांनीही तत्परतेने कबूल केले, की आपण आठ दिवस घडी केलेली चादर खाली घेऊनच गाडी चालवत आहोत. चनमल्लप्पा पुन्हा आत जाऊन बसले आणि ताठ बसले. मायाप्पांनी वहीत 'ओळख पटली' असे लिहिले, नंबर नव्याने ठोकून घेण्याचा शेरा मारला आणि हस्तांतराचा फॉर्म खिडकीतून आत दिला. चन्नवीरांनी स्वतःचे पेन उघडून पुढे केले.

चनमल्लप्पांनी पेन घेतले नाही. त्यांनी सरळ समोर पाहत एकदा हॉर्न वाजवला, सीटवरून मागे वाकून मागचे डावे दार उघडून पाहिले, लावले, आणि फॉर्म घडी करून परत दिला.

"शेटजी, तुमचा इसार उद्याच्या एसटीनं परत आनून देतो. गाडी माजी हाय, आन् आता ती इकायची न्हाय."