गफ्फारचाचा आणि दुसऱ्यांचे फोन

गफ्फारचाचा दुसऱ्यांच्या फोनला उत्तरं देतात. म्हणजे ते फोन हिसकावून घेत नाहीत. फोन ज्याचा त्याच्याच हातात असतो, बोलतही तोच असतो. फक्त पलीकडून प्रश्न आला की उत्तर चाचा देतात.

मी धामणगाव बढ्याला राहतो आणि बुलढाण्याच्या एका कार्यालयात लेखा शाखेत काम करतो. सकाळच्या एसटीनं जातो, संध्याकाळच्या एसटीनं येतो. सकाळची गाडी मोताळ्याला आली की चाचा चढतात आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसतात. ते पिंजारी आहेत. बुलढाण्याच्या बाजारात त्यांचं गाद्या-रजया भरायचं लहानसं दुकान आहे. त्यांच्या भुवया मुळात पांढऱ्या आहेत की कापूस बसून पांढऱ्या झाल्यात, हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

त्यांचा हा गुण मी पहिल्यांदा पाहिला तो एका अनोळखी गृहस्थाच्या बाबतीत. गृहस्थांनी मोताळ्याहून गाडी सुटताच एका डॉक्टरला फोन लावला आणि आपल्या पोटाची सगळी हकीकत गाडीला ऐकवली. थोड्या वेळानं बायकोचा फोन आला. तोही स्पीकरवर. तिनं तब्येत विचारली, त्यांनी "एकदम मस्त" म्हणून सांगितलं. मग तिनं विचारलं, "संध्याकाळी वांग्याची भाजी करू का?"

"वांगे नको, बेटी," पुढच्या बाकावरून चाचा म्हणाले. "यायच्या पोटात कालपासून दुखून राह्यलं. खिचडी टाक पातळ."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, "कोण बोलतंय?"

"गाडीतून बोलून राह्यलो."

पुढं त्या बाईंनी नवऱ्याची जी झडती घेतली तीही स्पीकरवरच. गृहस्थ पुढच्याच थांब्यावर उतरले. त्यांचं तिकीट बुलढाण्यापर्यंतचं होतं.

कोणी भांडायला उठलं की चाचांचं एकच म्हणणं असे. "आवाज पोचला म्हणजे दावत पोचली. तुम्ही बोलावलं, म्या आलो. नाही बोलवायचं तं हळू बोला." या म्हणण्यात खोट काढायचा मी बऱ्याचदा प्रयत्न केला. सापडली नाही.

गाडीला एक शिक्षिका असत. त्यांच्या मुलीसाठी पुण्याचं स्थळ आलं होतं. त्याची बोलणी रोज फोनवर चालायची, आणि अर्थातच आम्हा सगळ्यांपुढे. मुलगा चांगला, नोकरी चांगली, आईवडील सोबत राहणार, एवढं आम्हाला पाठ झालं होतं. एके दिवशी चाचा मागं वळून म्हणाले, "मॅडम, त्यायच्या घरी गाद्या किती हायत, ते इचारा."

"तुम्हाला काय करायचंय?"

"मले काय करायचं? गाद्या किती ते समजलं म्हणजे घरात मानसं किती, पाव्हने किती, सारं समजते. पगारात नाही समजत."

मॅडम त्या दिवशी चाचांशी बोलल्या नाहीत. नंतरच्या आठवड्यात मात्र चढल्या चढल्या त्यांनी स्वतःहून सांगितलं, "चाचा, खोल्या दोन आहेत, पण गाद्या आठ." चाचांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "द्या पोरगी. येणाऱ्या-जाणाऱ्याचं घर हाय." लग्न झालं. नववी गादी चाचांनी भरून दिली.

पण चाचांचं खरं युद्ध होतं गजूभाऊशी. गजूभाऊ बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानात कामाला. बाजारात बोलायची सवय लागलेला त्याचा आवाज बंद खोलीत मावणारा नव्हता. तो फोन कानाला लावतच नसे. पापड धरावा तसा तोंडासमोर आडवा धरायचा आणि त्यावर ओरडायचा. बीटी कपाशी नवीन होती तेव्हा तो सांगायचा, "काका, आता बोंडअळीचं नाव इसरून जा! फवारनीचा पंप माळ्यावर टाका!" काही वर्षं गेली. अळी काही नाव विसरू देईना. पंप माळ्यावरून खाली आले. आता गजूभाऊ ओरडायचा, "काका, टेन्शन नका घेऊ! दोन औषधं मिसळून मारा!"

"काऊन बे?" चाचा समोरून म्हणायचे. "कढी हाय का ते, मिसळायले?"

फोनमधून शेतकरी विचारायचा, "हे कोन बोल्लं?"

"कोनी नाही काका, गाडीतला म्हतारा हाय."

"हाव, म्हताराच बोलून राह्यलो! तोंडाले फडकं बांधत जा फवारताना! अन् लेकराले नका पाठवू!"

मग गजूभाऊचा पारा चढायचा. "चाचा, माह्यं धंद्याचं बोलनं हाय. खासगी हाय!"

"खासगी? माह्या कानात ओतून राह्यला, अन् मलेच म्हनते खासगी!"

कंडक्टर दोघांनाही सांगून थकला. शेवटी गजूभाऊ रागानं पार मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. उपयोग झाला नाही. त्याचा आवाज पुढं येतच होता, आणि आता चाचांना उत्तरं उभं राहून ओरडून द्यावी लागत. शांततेसाठी चाललेल्या या भांडणात गाडीतला आवाज दुप्पट झाला. दुप्पट हा शब्द मी विचार करून वापरतोय.

राजूरचा घाट लागला की मात्र सगळ्यांच्या फोनची रेंज जायची. गजूभाऊ "हॅलो, हॅलो" करत गप्प व्हायचा. चाचा टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "चला. घाट लागला. आता मानसं भेटतीन." आणि खरोखरच घाटात लोक एकमेकांशी बोलायचे.

माझ्यावर चाचांची वेगळीच तक्रार होती. मी फोनवर बोलताना तोंडावर हात धरतो, दोन वाक्यांत काम उरकतो. मला वाटायचं, या माणसाला तरी मी आवडत असेन. पण ते एकदा म्हणाले, "साहेब, तुमचा फोन म्हंजे बंद संदूक. इतके दिस झाले, तुमच्या घरचं मले काहीच मालूम नाही."

त्यांना ते मालूम झालं दसऱ्याच्या आधी.

आमची शेती माझा धाकटा भाऊ पाहतो. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. इतक्या उंच पिकात फवारा वर धरावा लागतो आणि निम्मं औषध आपल्याच अंगावर येतं. भाऊ पहाटेच शेतात गेला होता, हे मला माहीत होतं. गाडीनं मोताळा सोडलं, घाट जवळ आला आणि माझा फोन वाजला. त्याची बायको, सविता.

आमच्याकडे धाकटी भावजय भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, आवाज चढवत नाही. सविता घरात आल्यापासून माझ्याशी पदराआडूनच बोलत आलेली. ती हळू बोलत होती. मी सवयीनं तोंडावर हात धरून हळू विचारत होतो. गाडीचं इंजिन मात्र कोणाची मर्यादा पाळत नव्हतं.

"दादा... यायले... बरं नाही..."

"काय झालं? कुठं आहे?"

"वावरात... दादा..." पुढचं ऐकू आलं नाही.

चाचांना शब्द ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं असावं. "साहेब, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. अशा वेळीसुद्धा मी हेच म्हणालो.

चाचा उठले आणि त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीमागची जाळी दोन्ही हातांनी बडवली. "गाडी थांबवा! घाटाच्या अल्लाड, इकडंच थांबवा! रेंज जाईन! मशीन बंद करा!"

ड्रायव्हरनं का, कशाला, काही विचारलं नाही. गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. एसटी इतकी शांत असू शकते हे मी तेव्हा पाहिलं. मागून गजूभाऊ धावत आला. माझ्या हातातल्या फोनचं बटण दाबून त्यानं तो स्पीकरवर केला. चाचा फोनवर वाकले.

"बेटी, म्या गफ्फार पिंजारी. गाडीतून बोलून राह्यलो. भासऱ्याची लाज मंग धर. आता ओरडून सांग, काय झालं?"

आणि सविता ओरडली. तिचा पूर्ण आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "फवारता फवारता पडले हो! घामानं ओले झाले, तोंडातून लाळ गळून राह्यली, डोये उघडून राह्यले नाहीत! सारे म्हनते दूध पाजा!"

"दूध नका पाजू!" गजूभाऊ ओरडला. तो आवाज, ज्यानं आमच्या सकाळी नासवल्या होत्या, तो आता थेट आमच्या वावरात पोचत होता. "काईच नका पाजू! पहिले सावलीत न्या! अंगावरचे कपडे सारे काढा, साबनानं अंग धुवा! कुशीवर निजवा! ताई, औषधाचे डबे कोनते हायत?"

"एक पांढरा हाय, लाल झाकनाचा. अन् एक निळा."

"दोन्ही मिसळले?"

"हाव. दुकानातूनच सांगतलं होतं."

गजूभाऊनं समोरच्या बाकाची दांडी धरली. मग म्हणाला, "दोन्ही डबे संग घ्या. डॉक्टरले पहिले डबे दाखवजा." त्याचा आवाज चिरकला होता, पण त्यानं तो खाली आणला नाही.

इकडे कंडक्टरनं धामणगावातल्या एका जीपवाल्याला फोन लावला होता. मॅडम मोताळ्याच्या दवाखान्यात ओळखीच्या नर्सशी बोलत होत्या. गाडीत चार-पाच फोन एकाच वेळी मोठमोठ्यानं चालू होते आणि चाचा मधे उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "जोरात बोला! अजून जोरात!" मी फोन धरून उभा होतो. चाचांनी एका हातानं माझा हात खालून धरला होता.

जीप निघाली असं सविता ओरडून सांगेपर्यंत गाडी हलली नाही. एकाही माणसानं उशीर होतो म्हटलं नाही.

मोताळ्याला सुई देऊन भावाला बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं. गजूभाऊ दुकानावर गेलाच नाही. डॉक्टरांशी औषधांबद्दल जे बोलायचं ते तो बोलला. चाचांनीही दुकान उघडलं नाही. ते व्हरांड्यात बसून राहिले आणि तिथंही जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनला उत्तरं देऊ लागले, तेव्हा नर्सबाईंनी त्यांना बाहेर काढलं. मग ते फाटकाशी बसले.

भाऊ वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं आणि डबे आणले हे चांगलं केलं. हे श्रेय कोणाकोणात कसं वाटायचं, याचा ताळा मला अजून जमलेला नाही. सविता, ड्रायव्हर, गजूभाऊ, कंडक्टर, मॅडम, नर्स. पण गाडी थांबली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि गाडी चाचांनी थांबवली. मी त्यांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "म्या काय केलं? दुसऱ्याच्या फोनात बोललो. ते तं रोजच बोलतो."

गजूभाऊ अजूनही त्याच गाडीनं येतो आणि अजूनही ओरडतो. पण आता ओरडतो ते, "काका, मिसळू नका! तोंड बांधा! वाऱ्याच्या समोर उभं राहून मारू नका!" समोरून चाचा म्हणतात, "बराबर सांगून राह्यला! ऐका त्याचं!" आवाज दुप्पटच आहे. कोणाचीच तक्रार नाही.

काही दिवसांनी मी चाचांना विचारलं, "तुमच्याकडं फोन नाही का?" त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. अंडं काढावं तसं अलगद. आत एक साधा फोन होता.

"पोरानं देल्ला. सुरतले असते तो. गाडीत वाजू नाही म्हणून बंद ठेवतो. घरी गेलो का चालू."

"मुलाचा येतो का फोन?"

"येते ना," चाचा म्हणाले. "ईदले येते."

मी नंबर लिहून घेतला.

त्या रविवारी दुपारी मी तो लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"कोन?" आवाज इतका बारीक की मी माझा फोन तपासला. मी नाव सांगितलं. लगेच प्रश्न आला, "काय झालं? भाऊ?"

"भाऊ बरा आहे, चाचा."

"मंग? काम काय निघालं?"

"काम नाही. सहज केला."

पलीकडं खाट करकरली.

"सहज?" चाचा म्हणाले.

"हो. सहजच."

"थांबा. ठेवू नका."

कडी काढल्याचा आवाज आला. मग ओट्यावर स्टूल ओढल्याचा. आणि मग गजूभाऊनं कानांवर हात ठेवले असते अशा आवाजात चाचा ओरडले, "हां! बोला साहेब! आता बोला! सहजच केला म्हनता?"

समोरच्या घरातून कोण्या बाईचा आवाज आला, "कोनाचा फोन हाय, चाचा?"

"बुलढान्याच्या हापिसातले साहेब हायत! काम काईच नाही! सहज केला!"

"जेवले का म्हना!"

"जेवले का, साहेब?"

मी जेवलो होतो. पण हळू सांगितलेलं त्या बाईंपर्यंत पोचलं नसतं. म्हणून मीही ओरडून सांगितलं. तेवढ्यात माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. इतक्या वर्षांत तिनं मला फोनवर ओरडताना पाहिलं नव्हतं. "कोण आहे?" तिनं हळूच विचारलं.

मी फोन पापडासारखा आडवा धरला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"बेटी हाय का?" चाचांना तिचा आवाज कसा समजला कोण जाणे. "बेटी, मले एक सांग. तुमच्या घरात गाद्या किती हायत?"

"पाच," बायको म्हणाली. "आणि एक पाहुण्यांची. कधी येता?"